झेरॉक्स, अमीबा, हेलिकॉप्टर : जीवशास्त्रातले अवघड शब्द फोडायचे कसे

दहावीपर्यंत मराठीतून विज्ञान शिकलेली मुलं अकरावी सायन्सला आली की पहिल्या महिन्यातच माझ्या क्लासमध्ये एक प्रश्न येतो. पुस्तक पुढे सरकवून, शब्दावर बोट ठेवून विचारतात, "मॅडम, हे वाचायचं कसं ओ?" बोटाखाली बहुतेक वेळा असा शब्द असतो, ज्याची सुरुवात पी आणि टी या दोन अक्षरांनी होते.

मी स्वतः अकरावीत असताना वर्गात उभं राहून नेचेवर्गीय वनस्पतींच्या गटाचं नाव 'प्टेरिडोफायटा' असं वाचलं होतं. वर्ग हसला, शिकवणारेही हसले. बरोबर उच्चार 'टेरिडोफायटा' आहे हे सांगितलं गेलं, पण तो पी गेला कुठे हे कुणी सांगितलं नाही. त्यानंतर दोन वर्षं मी वर्गात तोंड उघडलं नाही. आज सोलापुरात शिकवताना पहिल्या आठवड्यात मी अभ्यासक्रमाला हात लावत नाही, आधी हे शब्द कसे फोडायचे तेवढंच शिकवते. त्याची ही पद्धत, क्रमाने.

आधी वही

शंभर पानी वही घ्या आणि पान आडवं धरा. चार रकाने आखा: इंग्रजी स्पेलिंग, देवनागरीत उच्चार, तुकडे आणि तुकड्यांचे अर्थ, शेवटी मराठी शब्द. देवनागरीचा रकाना कधीही गाळू नका. इंग्रजी स्पेलिंग उच्चार लपवतं, देवनागरी तो उघडा करते. आपल्याकडे ॲ आणि ऑ ही चिन्हं आहेत, त्यांचा उपयोग करा. 'अल्जी' आणि 'ॲल्जी' यात फरक आहे, तो कागदावर दिसू द्या.

झ आणि ज बाबतही सावध राहा. मराठीत 'जीव'मधला ज वेगळा आणि 'जाड'मधला वेगळा. 'जीन' म्हणताना 'जीव'मधला ज. 'झायलेम' आणि 'झायगोट' म्हणताना 'झाड'मधला झ चालतो. झायलेमचा अर्थच लाकडाशी जोडलेला आहे, 'झायलॉन' म्हणजे ग्रीकमध्ये लाकूड. झाडातला झ, झाडातलंच झायलेम, मराठीत जलवाहिनी. मुलं हे एकदा ऐकून विसरत नाहीत.

जिभेवर असलेले पाच शब्द

नवा नियम पाठ करण्याआधी हे पाहा की तो नियम पाळणारा एखादा शब्द तुम्ही रोज बोलता. मी पाच शब्द फळ्यावर लिहिते: न्यूमोनिया, अमीबा, कॉलरा, झेरॉक्स, हेलिकॉप्टर. सोलापूरच्या कुठल्याही पेठेत हे पाचही शब्द लोक सहज बोलतात. जीवशास्त्रातले निम्मे अवघड उच्चार या पाचांत आहेत.

न्यूमोनियाचं स्पेलिंग पी-एन ने सुरू होतं, पण पी कुणी उच्चारत नाही. ग्रीक लोक तो उच्चारत. इंग्रजी बोलणाऱ्यांना शब्दाच्या सुरुवातीला अशी जोडाक्षरं जड जातात, म्हणून ते पहिलं अक्षर गिळतात. पी-एन चा न होतो: न्यूमॅटोफोर, म्हणजे तिवराची चिखलातून वर येणारी श्वसनमुळं. पी-टी चा ट: टेरिडोफायटा. पी-एस चा स: स्यूडोपोडिया, मराठीत छद्मपाद. सी-एन चा न: जेलीफिशच्या संघाचं नाव मराठी पुस्तकात 'निडारिया' असतं, इंग्रजीतून शिकवणारे 'नायडेरिया' म्हणतात, सी कुणीच म्हणत नाही. सी-टी चा ट: टिनोफोरा, 'फणी वागवणारे'.

यात लाज वाटण्यासारखं काही नाही, कारण हेच आपणही करतो. 'ज्ञान' हा शब्द पाहा. लिहिताना ज आणि ञ, बोलताना आपण 'द्न्यान' म्हणतो. हिंदीवाले 'ग्यान' म्हणतात. ग्रीक 'ग्नोसिस' हा शब्द ज्ञानाचाच सख्खा भाऊ आहे, दोन्हींचं मूळ एक. एकच अवघड जोडाक्षर, प्रत्येक भाषेने आपापल्या परीने सोपं केलेलं.

आता हेलिकॉप्टर. गिळलेलं अक्षर शब्दाच्या मध्ये आलं की परत येतं, कारण आधी स्वर असला की जिभेला आधार मिळतो. हेलिकॉप्टरचे तुकडे 'हेलिको' आणि 'प्टेर'. हेलिको म्हणजे मळसूत्रासारखं वळलेलं, प्टेर म्हणजे पंख. आपण 'हेलिकॉटर' म्हणत नाही, पी स्पष्ट म्हणतो. म्हणून सुरुवातीला टेरिडोफायटा, पण मध्ये डिप्टेरा (दोन पंखांच्या माश्या), लेपिडोप्टेरा (खवल्यांचे पंख असलेली फुलपाखरं आणि पतंग), कोलिऑप्टेरा (म्यानात पंख ठेवणारे भुंगेरे). न्यूमोनियात गेलेला पी 'स्लीप ॲप्निया'त परत येतो. ग्नोसिसमधला जी सुरुवातीला गेला तरी 'डायग्नोसिस'मध्ये जागेवर असतो. अकरावीच्या वर्गीकरणात तर ही जोडी शेजारी शेजारीच भेटते: जबडा नसलेले 'ॲग्नाथा' आणि जबडा असलेले 'नॅथोस्टोमाटा'. दोन्हींत तोच 'ग्नाथ', म्हणजे जबडा. एकात जी बोलतो, दुसऱ्यात गप्प बसतो. कारण कळलं की दोन्ही शब्द एका दमात पाठ होतात.

अमीबाच्या स्पेलिंगमध्ये ओ-ई आहे आणि उच्चार ई. हे एकदा पाहिलं की सीलोम (देहगुहा), फीटस (गर्भ), हीमोसील (रक्ताने भरलेली गुहा) सरळ वाचता येतात. ए-ई चंही तसंच, तोही ई: सीकम, ॲल्जी. सी नंतर हे ई-वाले स्वर आले की सी चा स होतो, म्हणून 'कोएलोम' नव्हे, सीलोम.

कॉलराने सी-एच चा क शिकवला. ग्रीकमधून आलेल्या शब्दांत सी-एच म्हणजे बहुधा क: कायटिन (कीटकांच्या कवचातला पदार्थ), कायाझ्मा, ब्राँकाय, काइम. जठरातून बाहेर पडणारा अर्धवट पचलेला लगदा तो काइम, आणि आतड्याच्या लसवाहिन्यांतला दुधाळ द्रव तो काइल. एका अक्षराने अवयव बदलतो, तेव्हा शेवटचा म आणि ल ठासून म्हणा.

झेरॉक्समधला एक्स सुरुवातीला झ होतो. त्याशिवाय या शब्दाचा अर्थ आपल्या जिल्ह्यासाठीच आहे असं मला वाटतं. 'झेरो' म्हणजे कोरडं. ओली शाई न वापरता कोरड्या पुडीने छापायचं म्हणून त्या यंत्राला ते नाव मिळालं. त्याच झेरोला 'फाइट' म्हणजे वनस्पती जोडा: झेरोफाइट, कोरड्यात तगणारी वनस्पती. माळरानावरचं निवडुंग दाखवा आणि मुलाला म्हणा, हे बघ झेरोफाइट. दुकानाच्या पाटीवर रोज दिसणारा शब्द आणि बांधावरचं झाड एका सूत्रात येतं.

आता विग्रह

उच्चार जमला की अर्थ. आपण शाळेत समासाचा विग्रह करतो, अगदी तसाच इथे करायचा. पेन्सिलने शब्दावर तिरपी रेघ मारा, तुकडे वेगळे करा आणि अर्थ शेवटाकडून वाचा.

मायटोकॉन्ड्रिया घ्या. 'मायटो' म्हणजे धागा, 'कॉन्ड्रो' म्हणजे कण. कार्ल बेंडा यांनी १८९८ मध्ये हे नाव दिलं, कारण सूक्ष्मदर्शकाखाली कधी धागे दिसत, कधी कण. आता मराठी शब्द आठवा: तंतुकणिका. परिभाषा करणाऱ्यांनी किती नेमकं काम केलंय ते इथे कळतं. मायटोसिसमध्ये तोच धागा आहे, म्हणून मराठीत सूत्री विभाजन. जी मुलं मराठी शब्द 'आता उपयोगाचा नाही' म्हणून टाकून देतात, ती हातातली किल्ली फेकून देतात. मराठी शब्द म्हणजे बहुतेक वेळा त्या ग्रीक शब्दाचा आयता विग्रह असतो.

याहून मोठी गोष्ट म्हणजे ग्रीक आणि संस्कृत या एका घराण्यातल्या भाषा आहेत. 'पोड' म्हणजे पाद. 'ओडोंट' म्हणजे दंत. 'ऑस्टि' म्हणजे अस्थि. 'पेरि' म्हणजे परि. 'कार्डिया' म्हणजे हृद्. 'जेन' म्हणजे जन्. 'प्टेर' आणि पत्र एकाच मुळाचे, पत्राचा जुना अर्थ पंखही होताच. आपला स तिकडे ह होतो: सप्त आणि हेप्टा, षट् आणि हेक्सा. ऑक्टोपस म्हणजे सरळ अष्टपाद. हाडावरचं आवरण पेरीऑस्टियम म्हणजे परि अधिक अस्थि, संधी केली की पर्यस्थी. आणि 'अ' हा नकार तर जसाच्या तसा: ॲग्नाथा म्हणजे जबडा नसलेले, जसं अपाद म्हणजे पाय नसलेला. ज्या पोराला इंग्रजीची भीती वाटते त्याला मी हे सांगते तेव्हा त्याचा चेहरा बदलतो. परक्या घरी गेल्यासारखं वाटत होतं, तिथे अचानक मावशी भेटते.

सोलापुरात तर आणखी एक सोय आहे. इथे एकाच बाकावर मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणारी मुलं बसतात. एकदा कडुनिंबाचं शास्त्रीय नाव फळ्यावर लिहिलं होतं, 'अझाडिरॅक्टा इंडिका'. सगळे अडखळत होते. उर्दू बोलणाऱ्या घरातली एक मुलगी मागच्या बाकावरून हळूच म्हणाली, "मॅडम, ये तो आझाद दरख्त है." ते अगदी बरोबर होतं. नाव फारसीतूनच आलंय, दरख्त म्हणजे झाड. चिंचेचं टॅमॅरिंडस असंच अरबीतून, मूळ अर्थ हिंदचा खजूर. त्या दिवसापासून माझ्या वर्गात विचारायचा दुसरा प्रश्न ठरला: तुझ्या घरच्या भाषेत याच्यासारखं काही आहे का?

एक इशारा मात्र द्यायलाच हवा. सारखे दिसणारे सगळे तुकडे एक नसतात. 'होमो सेपियन्स'मधला होमो लॅटिन आहे, अर्थ माणूस. 'होमोलोगस'मधला होमो ग्रीक आहे, अर्थ समान. 'पेरिकार्प'मधला कार्प म्हणजे फळ, 'कार्पल' हाडातला कार्प म्हणजे मनगट. शंका आली की शब्दकोश उघडा, अंदाज पक्का करून मगच वहीत उतरवा.

दोन गोष्टी हातात घेऊन

शब्द हाताला लागला की टिकतो. यासाठी मला सोलापूरसारखी जागा दुसरी सुचत नाही.

डाळिंब घ्या. डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आपल्याकडेच केगावला आहे, आणि भगवा वाण तर घरात असतोच. फळाच्या टोकाला जो मुकुट असतो तो फुलाचा न गळलेला निदलपुंज, इंग्रजीत 'कॅलिक्स', काहीजण 'केलिक्स' म्हणतात, दोन्ही चालतं. फळ उभं चिरा. एक दाणा काढून दोन बोटांत हलकेच दाबा. रस सुटतो, पारदर्शक पापुद्रा बोटाला चिकटतो आणि मध्ये टणक बी उरतं. आपण खातो तो फळाचा गर नाहीच. बियांवरच्या आवरणाचा बाहेरचा मांसल थर आहे तो. त्याचं नाव 'सार्कोटेस्टा'. 'सार्को' म्हणजे मांस, 'टेस्टा' म्हणजे कवच. बोटाला रस लागलेला असताना हा शब्द तीनदा मोठ्याने म्हणा. पुढे स्नायूंच्या धड्यात 'सार्कोमिअर' येईल, 'सार्कोप्लाझम' येईल, तेव्हा हाच दाणा आठवेल. डाळिंबाच्या 'प्यूनिका ग्रॅनॅटम' या शास्त्रीय नावातलं ग्रॅनॅटमही दाण्यांचंच, म्हणजे दाणेदार. शेतकरी ज्याला तेल्या म्हणतात त्या रोगाचा जिवाणू झँथोमोनास. एक्सचा झ, 'झँथो' म्हणजे पिवळा. पानं पिवळी पडताना दिसणारं रंगद्रव्य 'झँथोफिल', तिथेही तोच पिवळा आणि 'फिल' म्हणजे पान.

दुसरी वस्तू ज्वारी. मंगळवेढ्याकडची मालदांडी असेल तर उत्तम. ज्वारीच्या दाण्यात फळाची साल आणि बियाचं आवरण एकमेकांना इतकं चिकटलेलं असतं की वेगळं करता येत नाही. अशा फळाला 'कॅरिऑप्सिस' म्हणतात. 'कॅरि' म्हणजे कठीण कवचाचं बी, 'ऑप्सिस' म्हणजे रूप. पेशीच्या मध्यभागी असलेलं केंद्रकही असंच बीसारखं दिसतं, म्हणून 'युकॅरिओट' आणि 'प्रोकॅरिओट'मध्ये हाच कॅरि आहे. 'यु' म्हणजे चांगलं, खरं, आपल्या 'सु'चा नातलग. म्हणजे युकॅरिओट ही सुकेंद्रकी.

दहा-बारा दाणे ओल्या सुती फडक्यात गुंडाळून वाटीत ठेवा, फडकं वाळू देऊ नका. दाणे फुटले की रोज एक उचलून भिंगातून बघा. खालच्या टोकाला आधी एक पांढुरका उंचवटा फुटतो, त्याला फाडून मूळ बाहेर येतं. तो उंचवटा म्हणजे 'कोलिओरायझा', मुळाचं म्यान. वर टोकदार कोंब येतो, त्याच्यावरची नळी म्हणजे 'कोलिओप्टाइल', कोंबाचं म्यान, आणि पहिलं पान तिच्यातूनच वर सरकतं. भुंगेऱ्यांच्या 'कोलिऑप्टेरा'त होतं तेच म्यान. आणि 'प्टाइल'मधला पी मध्ये आहे, तेव्हा तो बोलायचा, हेलिकॉप्टरसारखा. ज्या मुलाने हे फडकं स्वतः उघडून पाहिलंय त्याला या दोन शब्दांची अदलाबदल झालेली मी आजवर पाहिली नाही.

पक्ष्यांसाठीही लांब जायला नको. उजनीच्या पाणलोटावर येणाऱ्या रोहित पक्ष्याच्या प्रजातीचं (जीनसचं) नाव 'फिनिकॉप्टेरस', म्हणजे लाल पंखांचा. मराठीत त्याचं दुसरं नाव अग्निपंख. ज्याने कुणी ते दिलं त्याने दोन हजार वर्षांचा शब्द एका फटक्यात मराठीत आणला. नान्नजला १९७९ साली ज्याच्यासाठी अभयारण्य झालं तो माळढोक 'आर्डिओटिस नायग्रिसेप्स'. 'नायग्रि' काळं, 'सेप्स' डोकं, कारण त्याच्या डोक्यावर काळी टोपी असते. व्यायामशाळेत जाणारी मुलं 'बायसेप्स' रोज म्हणतात. दंडाच्या त्या स्नायूला वरच्या बाजूला दोन डोकी असतात, म्हणून बाय-सेप्स.

जोर कुठे द्यायचा

मराठीत आपण शब्दाच्या सगळ्या अक्षरांवर साधारण सारखा भार देतो. इंग्रजीत एका अक्षरावर जोर येतो आणि त्याने स्वर बदलतो. लांब शास्त्रीय शब्दांत तो बहुधा शेवटून तिसऱ्या अक्षरावर पडतो आणि तिथला ओ उघडून ऑ होतो. आपण 'बायॉलॉजी' म्हणतो, 'बायोलोजी' नाही, ते याच कारणाने. त्याच चालीवर 'ग्लायकॉलिसिस' आणि 'हायड्रॉलिसिस'. नुसता 'लायसिस' असताना आय असतो, पण जोर आधीच्या अक्षरावर सरकला की 'लिसिस' होतो. अन्ननलिकेचा 'इसॉफॅगस'ही असाच.

वायचा उच्चार कधी आय, कधी इ. पुढे एकच व्यंजन आणि मग स्वर असेल तर बहुधा आय: झायलेम, सायटोप्लाझम. पुढे दोन व्यंजनं असतील तर बहुधा इ: क्लोरोफिल, लिम्फ. अपवाद भेटतील, ते वहीत लाल पेनने लिहा.

काही शब्दांना दोन उच्चार आहेत आणि दोन्ही बरोबर आहेत. 'ॲल्जी' आणि 'ॲल्गी', 'फंजाय' आणि 'फंगाय'. पॅरेंकिमा हा कोशातला उच्चार, आपल्याकडच्या वर्गांत 'पॅरेन्कायमा' ऐकू येतं. प्राणी-वनस्पतींच्या नावांबाबत आंतरराष्ट्रीय नियम स्पेलिंगला कडक आहेत, उच्चाराची सक्ती करत नाहीत. तुमचे शिक्षक जो उच्चार करतात तो वर्गात वापरा, दुसरा माहीत असू द्या. वेगळा उच्चार करणाऱ्याला हसू नका, एवढी विनंती मात्र मी हात जोडून करते.

अनेकवचनं थोडक्यात: शेवटी 'अस' असेल तर 'आय' (न्यूक्लिअस, न्यूक्लिआय), 'अम' असेल तर 'आ' (बॅक्टेरियम, बॅक्टेरिया), 'अ' असेल तर 'ई' (व्हर्टिब्रा, व्हर्टिब्री). स्टोमाचं स्टोमाटा होतं. जीनसचं जेनेरा.

कानाला सारखे वाटणारे शब्द स्पेलिंगने वेगळे करावे लागतात. इलियम दोन आहेत. तिसरं अक्षर ई असलेलं आतडं, आय असलेलं कमरेचं हाड. मायोसिसही दोन: एक अर्धगुणसूत्री विभाजन, दुसरं डोळ्याच्या बाहुलीचं आकुंचन. पहिल्यात एम नंतर ई येतो.

सराव

रोज पाच शब्द, त्याहून जास्त नको. रेघ मारा, देवनागरीत लिहा, मोबाइलवरच्या शब्दकोशात स्पीकरचं चिन्ह दाबून उच्चार ऐका, मग तीनदा मोठ्याने म्हणा. मनात म्हणून जीभ वळत नाही. संध्याकाळी घरात कुणाला तरी तो शब्द समजावून सांगा, आई असो, आजोबा असोत. आईला सार्कोटेस्टा सांगता आला, तर परीक्षेत नक्की येईल. बाहेर पडलात की हॉस्पिटलांच्या पाट्या वाचा. सोलापुरात त्यांना तोटा नाही. 'ऑफ्थॅल्मॉलॉजिस्ट' दिसला की थांबा. पी-एच-टी-एच एकापाठोपाठ आलेत, म्हणजे आधी फ, मग थ. बहुतेकजण 'ऑप्थॅल' म्हणतात, तुम्ही 'ऑफ्' म्हणून बघा.

तोंडी परीक्षेत कधीही न पाहिलेला शब्द समोर आला तर काय करायचं, ते एका शब्दावर करून पाहू. स्पेलिंग असं: ए-आर-सी-एच-ए-ई-ओ-पी-टी-ई-आर-वाय-एक्स. घाई नको. सी-एच दिसला, कॉलरा आठवा: क. ए-ई दिसला: इ. पी-टी मध्ये आहे, हेलिकॉप्टर आठवा: दोन्ही बोला. जोर शेवटून तिसऱ्यावर, म्हणून ओ चा ऑ. वाय शब्दाच्या शेवटी, तेव्हा इ. एक्स सुरुवातीला नाही, म्हणून झ नाही, क्स. आता जोडा: आर्-कि-ऑप्-टे-रिक्स. अर्थ? 'आर्किओ' म्हणजे पुरातन, 'प्टेरिक्स' म्हणजे पंख. पुरातन पंख. जर्मनीतल्या चुनखडीत सापडलेल्या, पिसं आणि दात दोन्ही असलेल्या जीवाला १८६१ मध्ये दिलेलं हे नाव.